भोगीची अंगतपंगत : कामाच्या नोंदी

रविवार, १० डिसेंबर २०२३

यंदा संक्रांत १५ जानेवारीला, म्हणजे भोगी १४ ला आणि तो नेमका रविवार. आजच्या बैठकीत ठरलं की भोगीचं जेवण सगळ्यांनी मिळून करायचं. घरोघरी रांधायचं आणि खाली हॉलमध्ये पंगतीला बसायचं. केटरर नाही. गणपतीत केटरर असतोच, आणि भोगीची भाजी घरच्यासारखी करणारा केटरर मला तरी अजून भेटलेला नाही.

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रस्त्याला, ४८ घरांची. सांगली, सोलापूर, लातूर, नगर, कोकण अशी सगळीकडची माणसं आहेत. दोन जैन कुटुंबं आहेत, एक आंध्रातलं. जबाबदारी मी घेतली. याआधी मी ऑफिसात दहा-बारा जणांची अंगतपंगत जमवली होती, तेवढाच अनुभव. कुणाला पुढे असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून नोंदी ठेवतोय. जे चुकेल तेही लिहिणार आहे.

बुधवार, १३ डिसेंबर

व्हॉट्सॲपवर यादी टाकली होती, "आपण काय आणणार ते नावापुढे लिहा." तीन दिवसांत ३१ घरांनी नावं दिली. भोगीची भाजी ११, गुळपोळी ६, तिळाचे लाडू ५, पापड ३, खिचडी २, कढी १, आणि "नंतर सांगतो" असे ३.

भाकरी शून्य.

बाजरीच्या भाकरीशिवाय भोगी होत नाही, आणि ३१ घरांत ती कुणी लिहिली नाही. हिला विचारलं तर म्हणाली, "लिहील कोण? घरी थापून आणली तर खाली येईपर्यंत गार होते, आणि इतक्या जणांसाठी थापायची म्हणजे सकाळभर ओट्यापाशी." बरोबर आहे. चूक माझ्या विचारण्यात होती. काय आणणार असं विचारलं की माणूस आपल्याला हौसेने जमणारं लिहितो. जेवणाला काय लागतं ते मी आधी मांडायला हवं होतं.

रविवार, १७ डिसेंबर

वही घेऊन सकाळी दहा ते दुपारी दीड आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास दारोदार फिरलो. साडेपाच तास गेले, पण या सगळ्या कामात सर्वांत सत्कारणी लागलेला वेळ हाच. ग्रुपवर जे कुणी लिहिलं नसतं ते दारात कळलं.

सी विंगमधल्या ताईंच्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्या येणारच नव्हत्या. "सगळ्यांच्या जेवणात आमच्यासाठी कशाला बदल," असं म्हणत होत्या. त्यांना तिथेच सांगितलं की मोठ्या पातेल्यातल्या भाजीत दाण्याचं कूट पडणार नाही, तीळकूट घालू. दाणे ज्यांना हवे त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत. या निर्णयावर नंतर दोन घरांतून "दाण्याशिवाय भोगीची भाजी कसली" असं ऐकून घ्यावं लागलं. घेतलं. ज्या जेवणाला एक मूल येऊ शकत नाही ते सगळ्यांचं जेवण कसं म्हणायचं?

दुसरं म्हणजे ११ घरांची भाजी. प्रत्येकीला आपल्या गावची भाजी आणायची होती आणि ते मला समजत होतं. सांगलीच्या काकू तिला खेंगट म्हणतात. दुसऱ्या एका घरात लेकुरवाळी भाजी म्हणतात, आणि पातेल्यात डोकावलं की ते नाव पटतं. पण ११ पातेली भाजी आणि भाकरी नाही, असं जेवण होत नाही. तेव्हा असं ठरवलं की भाजी एकच, खाली मोठ्या पातेल्यात, सांगलीच्या काकूंच्या हातची. भाकरी खालीच तव्यावर. बाकीचं घरून.

यादी आता अशी: भाकरीला ८ घरं, मोठ्या भाजीला ६, खिचडी ४, कढी ३, वांग्याचं भरीत ३, गुळपोळी ३, चटणी-ठेचा-लोणचं २, राळ्याचा, म्हणजे एका बारीक भरडधान्याचा, भात १ (सोलापूरच्या वहिनी), जैन भाजी १. जमलं की ३१.

माणसं ८६, त्यात १९ मुलं. या वेळी प्रत्येकाला पदार्थासोबत मापही सांगितलं. खिचडीच्या चार घरांनी प्रत्येकी सव्वा किलो डाळ-तांदूळ. कढीच्या तीन घरांनी चार-चार लिटर. गुळपोळ्या प्रत्येकी ३०. "एक पातेलं आण" असं सांगितलं तर कुणाचं पातेलं दोन लिटरचं असतं, कुणाचं आठ. वर्गणी घरटी २५० रुपये, कारण भाजी, पीठ, लोणी, गॅस हे सामायिक.

शनिवार, २३ डिसेंबर

चार घरांची रंगीत तालीम. दोन गोष्टी समजल्या.

भाकरी सकाळी दहाला केल्या. अर्ध्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, अर्ध्या बांबूच्या टोपलीत कापडात गुंडाळून. साडेबाराला डबा उघडला तर खालच्या भाकरींना पाणी सुटलेलं आणि वरच्या चिवट. टोपलीतल्या चाळीस मिनिटांपर्यंत छान होत्या, त्यानंतर कडा कडक होत गेल्या. म्हणजे तव्यावरून उतरल्यापासून पानात पडेपर्यंत अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. एका तव्यावर एका बाईच्या तासाला वीस-बावीस भाकरी होतात. तीन तवे लावले तर पासष्ट. ८६ माणसांना १२० च्या आसपास भाकरी धरल्या तर एका पंगतीत जमणारच नाही. दोन पंगती हव्यात. आधी मुलं आणि वयस्क, मग बाकीचे.

भाजीत सगळं एकदम घातलं. वांग्याचं मेण झालं तरी पावटे दाताखाली कच्चे. काकू शांतपणे म्हणाल्या, "शेंगांतले दाणे आधी, फळं नंतर, बोरं अगदी उतरवताना." त्यांना आधी विचारायला हवं होतं. आता क्रम वहीत आहे: फोडणीत आधी पावटा आणि ओला हरभरा, एक वाफ आली की गाजर-बटाटा, मग घेवडा-मटार, मग वांगी, तीळकूट, चिंच-गूळ, शेवटी बोरं. आणि मोठं पातेलं उतरवल्यावरही आतल्या आत शिजत राहतं, म्हणून वांगी थोडी कमी शिजलेली असतानाच गॅस बंद.

ए विंगमधल्या आजींनी त्यांचं पितळेचं मोठं पातेलं दिलं. काठाजवळ टिंबाटिंबांनी त्यांच्या सासूबाईंचं नाव आणि १९६८ असं घातलेलं. अंगठ्याने चाचपलं की अक्षरं अजून लागतात. वीस किलोचं सहज बसेल. पण आतली कल्हई पार उडालेली आहे, आणि चिंच घातलेली भाजी त्यात कळकणार. आजींना तसं सांगताना जड गेलं. पातेलं ठेवून घेतलंय, उपयोग शोधतो. भाजीसाठी भाड्याचंच आणायचं.

रविवार, ३१ डिसेंबर

भोगीच्या आठवड्यात गिरणीत गर्दी असणार, म्हणून आजच बाजरी दळून आणली. १२ किलो, ४२ रुपयांनी ५०४, दळणाचे ८ रुपयांनी ९६. सहाशे झाले. दोन मोठ्या प्लॅस्टिक पिशव्यांत भरून, तोंड बांधून ठेवलं. एक काम आटपलं म्हणून बरं वाटलं.

बुधवार, १० जानेवारी २०२४

पीठ वाया गेलं.

आई गावाहून आली. सहज पिशवी उघडून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, "हे कडू झालंय रे." मी खाऊन पाहिलं, मला आधी काही जाणवलं नाही. मग घशाशी खवट कडवटपणा आला आणि पाणी प्यायलो तरी जाईना. भाकरी थापून पाहिली. एक तर कडू, त्यात पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली, कडा फाटत होत्या. फाटण्यावर गरम पाण्याने मळायचा उपाय आहे. कडूपणावर नाही.

बाजरीत तेल जास्त. दळली की ते खवट व्हायला लागतं, आठ-दहा दिवसांत पीठ कडू होतं. त्यात मी गिरणीतलं गरम पीठ तसंच प्लॅस्टिकमध्ये कोंडलं. परातीत पसरून गार करायला हवं होतं, आणि दळायलाच दोन दिवस आधी हवं होतं. ज्वारी-गहू महिनाभर राहतात म्हणून बाजरीही राहील असं धरलं होतं. घरात कुणालाही विचारलं असतं तर सहाशे रुपये वाचले असते. हे पैसे वर्गणीत धरणार नाही, माझी चूक आहे.

शुक्रवार, १२ जानेवारी

मार्केट यार्डाचा भाजीपाला विभाग शनिवारी बंद असतो, म्हणून आजच. बी विंगमधले काका आणि मी पहाटे पाचला निघालो. थंडी चांगलीच होती. भोगीमुळे पावटा, हरभरा, बोरं, गाजर यांचे ढीग लागलेले, आणि माणसांचीही तशीच गर्दी.

पावट्याच्या शेंगा ५ किलो, मटार ५ किलो, वांगी ३, गाजर अडीच, बटाटे २, घेवडा दीड, बोरं १ किलो, भरताची वांगी वेगळी ६ किलो, शिवाय मिरची, आलं, कोथिंबीर. लसूण इतका महाग होता की अर्धा किलोवर थांबलो. भाजीचे एकूण २,३४० आणि रिक्षाचे ३२०. सोललेले पावटेही मिळत होते, पण काका नको म्हणाले. "सोललेला पावटा उद्यापर्यंत चिकट होतो. आणि सोलायला माणसं आहेत की आपल्याकडे." ओला हरभरा घेणार होतो, तेवढ्यात लातूरच्या वहिनींचा निरोप आला, थांबा. गुरुवारी वेळ अमावस्या झाली. त्यांच्याकडे येळवस म्हणजे सगळं घर शेतात जेवायला. त्या गावी गेल्या होत्या. रात्री आल्या त्या हरभऱ्याचे डहाळे पोत्यात भरून, बांधावरची बोरं आणि एका बरणीत आंबील घेऊन. डहाळे इतके ताजे की हाताला आंब, म्हणजे पानांवरचा आंबट ओलावा, लागत होती.

संध्याकाळी दुसऱ्यांदा दळण. ११ किलो, ५५० रुपये. गिरणीत अडीच तास उभा होतो. याच गर्दीला घाबरून आधी दळलं होतं. घरी आल्यावर पीठ जुन्या सुती साडीवर पसरलं, सकाळी डब्यात भरलं.

शनिवार, १३ जानेवारी

संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये सतरंज्या टाकल्या आणि ग्रुपवर लिहिलं, "पावटे, मटार, हरभरा सोलायचा आहे. ज्यांना जमेल त्यांनी या." सहा घरांचं काम होतं. आठ-नऊ जण येतील असं वाटलं होतं. साडेसहाला मोजले तर सव्वीस जण.

हरभरा सोलणं हे सर्वांत वेळखाऊ काम. घाट्यात दाणा एक नाहीतर दोन, आणि आंबेने बोटं काळी-हिरवी होतात, मग नखांच्या कडा चुरचुरायला लागतात. ए विंगमधल्या आजी खुर्चीवर बसून मांडीवर सुपलं घेऊन सोलत होत्या. घाटा अंगठ्याने दाबायच्या, टप्प असा आवाज व्हायचा, दाणा सुपात आणि टरफल पायाशी. बघायची सुद्धा गरज नव्हती त्यांना. शेजारी बसलेली पाचवीतली मुलगी तसा आवाज काढायला अर्धा तास झटली आणि जमला तेव्हा तिने सगळ्यांना बोलावून दाखवला. पाच वर्षं एका जिन्यावर राहणारी दोन घरं आज पहिल्यांदा एकमेकांच्या गावाबद्दल बोलताना ऐकली. लातूरच्या वहिनींनी आंबील वाटली. माझ्या वाट्याला अर्धी वाटी आली आणि तिची चव अजून जिभेवर आहे.

हिशोब: पाच किलो पावट्याच्या शेंगांतून पावणेदोन किलो दाणे, पाच किलो मटारातून सव्वादोन. हरभरा साधारण दीड किलो. सव्वीस जणांना पावणेदोन तास लागले. आठच जण आले असते तर रात्रीचे बारा वाजले असते. पुढे हे काम कुठल्या घराच्या नावावर लिहू नका, सगळ्यांना बोलवा.

रात्री लेबलं लिहिली. प्रत्येक पदार्थापुढे काय आहे आणि त्यात काय आहे: दाणे, तीळ, कांदा-लसूण, जमिनीखालचं. जैन भाजी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या टेबलावर.

रविवार, १४ जानेवारी : भोगी

सकाळी आठला भांडीवाला येणार होता, पावणेनऊला आला. सिलिंडर, चार शेगड्या, तीन मोठे तवे, भाजीचं पातेलं. गॅस हॉलच्या आत लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं, मागच्या मोकळ्या जागेत मांडला.

साडेनऊला काकूंनी फोडणी दिली. तालमीतला क्रम, एकेका वाफेनंतर एकेक भाजी. दीड तासाने झाकण काढलं तर वांगी अख्खी, पावटा मऊ, वर तिळाचा तवंग. काकूंनी बोरं घातली आणि गॅस बंद केला. भाजीत मला एक शब्द बोलावा लागला नाही.

भाकरीचं तसं झालं नाही. पावणेअकराला तवे चढवले, पण मोकळ्यावर वारा होता आणि ज्योत एका बाजूला झुकत होती. तव्याचा अर्धा भाग तापलेला, अर्धा गार. भाकरी एकीकडे करपते आणि दुसरीकडे कच्ची. पहिल्या सात भाकरी बाजूला ठेवाव्या लागल्या. वॉचमनदादांनी टाकीजवळचे दोन जुने पत्रे आणून विटांच्या आधाराने वाऱ्याकडे उभे केले, तेव्हा ज्योत सरळ झाली. वीस मिनिटं गेली. तालीम घरच्या ओट्यावर केली होती, उघड्यावर केलीच नव्हती, म्हणून हे आधी दिसलं नाही.

तिळाची अडचणही तव्यावर आल्यावरच दिसली. वरून नुसते भुरभुरवलेले तीळ थापताना गळतात, तव्यावर पडून जळतात आणि पुढच्या भाकरीला तो जळका वास लागतो. आईने दाखवलं तसं केलं. भाकरी थापून झाली की ओल्या हाताने वरून पाणी लावायचं, तीळ पसरायचे आणि तळव्याने दाबायचे. दर दोन भाकरींनंतर तवा कोरड्या फडक्याने पुसायचा. एका माणसाने तेवढंच काम करायचं. ते मी केलं.

इकडे हॉलमध्ये खिचडी आणि कढी गरम करायला कुणीतरी तीन इंडक्शन शेगड्या एकाच बोर्डाला लावल्या. प्रत्येकी दोन हजार वॅट. सोळा अँपिअरच्या लाइनवर साडेतीन हजारांच्या वर भार पेलत नाही. एमसीबी पडला, दिवे-पंखे सगळंच गेलं. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. शेवटी एकच शेगडी ठेवली. खिचडीचे चार डबे तोवर गार होऊन घट्ट झालेले. तेव्हा आजींचं पितळेचं पातेलं आठवलं. चौथ्या शेगडीवर त्यात निम्मं पाणी तापवलं आणि खिचडीचे डबे एकेक करून त्या कढत पाण्यात बसवले. दहा-बारा मिनिटांत डबा गरम होत होता, खाली लागायची भीती नाही. प्रत्येक डब्यात वाटी-दोन वाट्या उकळतं पाणी आणि चमचाभर तूप घालून हलवलं की खिचडी पुन्हा सैल. पुढच्या वेळी इंडक्शन आणूच नका.

कढीत आमची घाई नडली. तीन घरांच्या कढ्या एकाच पातेल्यात ओतल्या आणि मोठ्या आचेवर ठेवल्या. एक आंबट, एक गोड, एकीत बेसन अगदी कमी. उकळी फुटताच ती फुटली, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. बारा लिटर कढी. बेसन कालवून लावलं तेव्हा थोडी सावरली, पण ती कुणाच्याच घरची कढी राहिली नाही. ज्यांनी सकाळी उठून केली होती त्यांची मी माफी मागितली. कढ्या वेगळ्याच ठेवायला हव्या होत्या, आणि मंद आचेवर, सारखं ढवळत.

साडेबाराऐवजी एकला पहिली पंगत बसली. खुर्च्या फक्त वयस्कांना, बाकी सगळे सतरंजीवर. ताटं ज्याची त्याने घरून आणलेली, म्हणून थर्माकोल-प्लॅस्टिकचा प्रश्नच नाही आणि कचऱ्याची पिशवी एकच भरली.

सी विंगमधल्या मुलाचं पान सगळ्यांच्या आधी वाढलं होतं, कुठलाही डाव दुसऱ्या भांड्यात जायच्या आत. ते केलं म्हणून निभावलं. पहिल्या पंगतीच्या मध्यात भरताच्या भांड्यात दाण्याच्या चटणीचा चमचा सापडला. कुणी टाकला कळलं नाही, घाईत कुणाकडूनही होईल. वाढायला उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलीने पाहिला आणि ओरडून सांगितलं. त्याच्या आईने पान पाहिलं. त्याला भरीत पुन्हा वाढलं गेलं नव्हतं. माझे हातपाय गार पडले होते. चटणीची वाटी त्याच टेबलावर, भरताला लागून ठेवली होती मी. नुसतं लेबल लावून भागत नाही. दाण्याचे पदार्थ वेगळ्या टेबलावर हवेत, आणि तिथे फक्त एकाच माणसाने वाढायचं.

दुसऱ्या पंगतीत भाकरी कमी पडायला लागल्या. शेगड्यांची आच उतरत होती, सिलिंडर संपत आला होता. दहा मिनिटं पानांत भाजी आणि हातात काही नाही. सोलापूरच्या वहिनींनी चार दिवसांपूर्वीच ज्वारीच्या वीस कडक भाकरी करून ठेवल्या होत्या, "असू दे हाताशी" म्हणून. त्या फोडून वाढल्या. पापडासारख्या कुरकुरीत भाकरीवर गरम भाजीचा रस्सा. मुलांनी बाजरीची भाकरी आल्यावरही तीच मागितली. दुसरा सिलिंडर काकांनी घरचा आणून जोडला.

लोण्याचे गोळे सांगितल्याबरोबर पुरले. आईने माप सांगितलं होतं, माणशी सुपारीएवढा. दोन किलोत सगळ्यांचं झालं. राळ्याचा भात अर्ध्या लोकांनी जन्मात पहिल्यांदा खाल्ला.

संध्याकाळी पाचला एक गोष्ट यादीत नसताना झाली. आंध्रातल्या वहिनींनी लहान मुलांना पाटावर बसवलं, ओवाळलं आणि डोक्यावरून बोरं, फुलांच्या पाकळ्या, उसाचे तुकडे, नाणी ओतली. त्यांच्याकडे भोगीला मुलांना असंच बोरांनी न्हाऊ घालतात, भोगी पळ्ळू म्हणतात. आमच्याकडचं बोरन्हाणच ते. आपण ते संक्रांतीपासून पुढे करतो, त्या भोगीलाच करतात. उरलेली बोरं सगळी त्यातच संपली. आजी म्हणाल्या, "अगं, मग हलव्याचे दागिनेही घाला की," आणि घरून काढून आणले.

सोमवार, १५ जानेवारी

हिशोब. भाजी २,३४०, रिक्षा ३२०, पीठ ५५०, तीळ दीड किलो ३६०, लोणी दोन किलो १,१२०, शेगड्या-तवे-पातेलं भाडं ८५०, सिलिंडर १,१००, लेबलांचे कागद ६०, भांडी आणि हॉल आवरायला आलेल्या दोन मावश्यांना १,०००. एकूण ७,७००. वर्गणी ३१ घरांची ७,७५०. पन्नास रुपये उरले. कडू पिठाचे सहाशे यात नाहीत.

भाकरी झाल्या ११८, उरल्या ९. मोठी भाजी सगळी संपली, भरीत दोन किलो उरलं. गुळपोळ्या ९० पैकी ४१ उरल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात गुळपोळी असतेच, भोगीला तीस पुरल्या असत्या. उरलेल्या वॉचमन आणि सफाईच्या मंडळींना दिल्या, पण आधी त्यांना पंगतीला बोलवायला हवं होतं. हे काल कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. ज्या दादांनी पत्रे आणले ते उभ्याने जेवले. पुढच्या यादीत त्यांची नावं आधी.

शनिवार, २० जानेवारी

भांड्यांची अदलाबदल आज मिटली. ज्यांवर नाव घातलेलं होतं ती त्याच रात्री घरी पोचली. अडली ती नवी, बिननावाची. सात झाकणं, दोन डाव, एक पोळ्यांचा डबा. पाच दिवस ती वॉचमनच्या केबिनपाशी टेबलावर होती. डब्यांना चिकटपट्टीवर फ्लॅट नंबर लिहून लावायचा, आणि झाकणालाही वेगळा. डब्यावरच लावला तर झाकण हरवतंच.

पुढची भोगी १३ जानेवारी २०२५, सोमवार. कामाचा दिवस, त्यामुळे रात्रीचं जेवण करावं लागेल. म्हणजे उजेडाची सोय आणि वाऱ्याला आडोसा आधी. दळण शनिवारी, ११ ला.

आजींचं पातेलं चिंचेने घासून परत द्यायला गेलो. त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, कल्हई लावून आण, पुढच्या वर्षी भाजी यातच करा. पुण्यात कल्हईवाला शोधायला तीन दिवस गेले. जुन्या पेठेत एक जण अजून करतात, नवसागर आणि कथील घेऊन, भाता फुंकत. पातेलं त्यांच्याकडे ठेवून आलोय. पुढच्या शनिवारी आणायचंय.